ऑर्फा क्रेमरची काडतुसं

पाइन रन नेमबाजी क्लबात निशाण्याचे कागद मोजायचं काम एकवीस वर्षं माझ्याकडे होतं. आमचा खेळ सांगायला सोपा आहे. हजार यार्डांवर, ओढ्यापलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी कागद लावतात. अलीकडे बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची आणि दहा गोळ्या मारायच्या. एकमेकींपासून सगळ्यात लांब पडलेल्या दोन भोकांतलं अंतर मी मोजायचो. ज्याचं अंतर कमी, तो जिंकला. दहा इंचांत दहा गोळ्या बसल्या तर माणूस शीळ घालत घरी जायचा. सहा इंचांत बसल्या तर वर्षभर त्याचं नाव निघायचं.

लमार क्रेमरचं नाव दरवर्षी निघायचं.

बाकीचा वेळ मी टपाल वाटायचो, त्यामुळे खोऱ्यातलं प्रत्येक घर मला ठाऊक होतं आणि कुणाच्या घरात काय चालतं तेही. बाजारात मिळणारं काडतूस हरणाला पुरतं, हजार यार्डांना पुरत नाही. तिथवर जाणारं काडतूस घरी भरावं लागतं. पितळी पुंगळी धुऊन, तोंड तासून, वजन करून निवडायची. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. दारू तोलून ओतायची. दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी त्या लुथरन ख्रिस्ती घरात कधी आली नाही. मग वरून गोळी दाबून बसवायची. यातल्या कुठल्याही पायरीला केसभर चूक झाली, की ओढ्यापलीकडे ती वीतभर होते. क्लबात सगळे म्हणायचे, लमारच्या हाताला माप आहे. मी मात्र रोज अकराच्या सुमाराला क्रेमरांच्या मागच्या खोलीच्या खिडकीवरून जायचो. आत तराजूवर वाकलेली असायची ती ऑर्फा, त्याची बायको. लमार शेजारी बसून कॉफी पीत पेपर वाचत असायचा.

ऑर्फानं तेहेतीस वर्षं विमानांची इंजिनं करणाऱ्या कारखान्यात दुपारच्या पाळीला तपासनीस म्हणून काढली होती. समोर आलेला भाग मापात आहे की नाही हे इंचाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत बघायचं आणि नसेल तर लाल खूण करून परत पाठवायचा, हे तिचं काम. काडतुसं मी भरतो असं लमार कधी म्हणाला नाही. मी भरत नाही असंही कधी म्हणाला नाही. कुणी काही विचारलं तर, बघू, घरी मापांची वही बघून सांगतो, एवढंच म्हणायचा. आणि मला ठाऊक असूनही मी गप्प राहायचो. लोकांचं टपाल आपण वाचत नाही, तसंच हे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना लमारच्या हातातलं फावडं गळलं आणि तो तिथंच बसला. रस्ते बंद होते. डॉर्सी रिटर आपला लाकडं वाहायचा ट्रक घेऊन, पुढं बर्फ सारायचं पातं लावून, वाट फोडत आला आणि त्यानंच त्याला इस्पितळात पोचवलं. डॉर्सीची लाकडाची गिरणी होती, क्लबाचा अध्यक्षही तोच. आवाज गिरणीच्या करवतीसारखा, पण अडल्यानडल्याला धावणारा माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला दुष्ट ठरवाल.

लमार वाचला. उजवा हात मात्र पक्षाघातानं गेला, आणि शब्द एकेक करून यायला लागले, विहिरीतून बादली ओढावी तसे.

मार्चमध्ये डॉर्सी त्याला भेटायला आला तेव्हा मीही टपाल द्यायला म्हणून थांबलो होतो. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण क्रेमरांचं टपाल मी पेटीतून काढून आत नेऊन द्यायचो, तेवढंच बोलणं होई. डॉर्सीनं बायकोनं केलेला सुक्या सफरचंदांचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली जाड पोळी, आणला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो लमारला म्हणाला, की रायफल नुसती पडून गंजेल, ती मी घेतो, चांगली ठेवीन आणि प्रत्येक स्पर्धेत तुझं नाव घेईन. इस्पितळात असतानाच दोघांचं तसं बोलणं झालं होतं म्हणे. लमारनं मान हलवली. मग डॉर्सी ऑर्फाकडे वळला आणि साखर मागावी तसं म्हणाला, "आणि ती भरणीची वही पण दे गं. वहीशिवाय रायफल म्हणजे नुसतं लोखंड."

ऑर्फा तो सफरचंदाचा पाय कापत होती. तिनं शेवटचा तुकडा कापला, सुरी पुसली.

"वही माझी आहे," ती म्हणाली.

डॉर्सी हसला. घरात जे आहे ते सगळं तुझंच आहे, असं काहीतरी म्हणाला.

"घर दोघांचं आहे. वही माझी आहे. अक्षर ओळखू येत नसेल तर चष्मा लाव. आणि रायफल कुठं जात नाहीये. ती मी चालवणार आहे."

डॉर्सीनं लमारकडे बघितलं. लमारनं टेबलावरच्या ताटाकडे बघितलं. डॉर्सी टोपी घेऊन उठला. तो गेल्यावर लमारनं डावा हात टेबलावर आपटला.

"शब्द... दिला."

"तू दिलास. मी नाही दिला."

"हसतील."

"हसू देत. हसण्यानं गोळी हलत नाही."

मी उठून बाहेर आलो. ती माझ्यामागून पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, आडदिवशी मैदान रिकामं असतं, तू पलीकडे कागदाच्या खंदकात बसून भोकं कुठं पडतात ते सांगशील का. मी हो म्हणालो. लमार कशाला हसण्याची भीती घालत होता ते मला तेव्हाच कळलं होतं. ती हरली तर लोक तिला हसतील, पण चांगली खेळली तर काडतुसं कुणाची होती ते लोकांना कळेल. त्याला भीती होती ती या कळण्याची.

रायफल पन्नास पौंडांची. ती बाकावर ठेवायला मी हात लावायचो, बाकी सगळं तिचं. पण अडचण अशी, की रायफलची जुनी नळी संपली होती. प्रत्येक गोळीबरोबर नळीचं तोंड आतून थोडं जळतं, आणि काही हजार गोळ्यांनंतर ती दगा द्यायला लागते. एप्रिलमध्ये डोंगरापलीकडच्या बंदूकवाल्याकडून तिनं नवी नळी बसवून आणली, वहीतल्या जुन्या मापानं काडतुसं भरली आणि पहिल्यांदा बाकावर बसली. मी खंदकातून कागद खाली ओढला आणि पट्टी लावली. चौदा इंच.

हातातल्या वॉकीटॉकी रेडिओवर मी तो आकडा सांगितला. "ऐकलं," ती म्हणाली. पण तेवढ्यात डॉर्सी मैदानाच्या कडेचं गवत कापायला आला होता आणि त्याच्या ट्रकमध्ये दुर्बीण कायम असते.

त्या रविवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये नाश्त्याचा कार्यक्रम होता. सगळं खोरं तिथं. ऑर्फा वाढपाच्या टेबलामागे सॉसेजचा चिमटा घेऊन उभी होती. रांगेत माझ्यापुढं असलेला डॉर्सी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वही आहे, पण वहीत लमार नाही." लोक हसले. मीही थोडा हसलो, खोटं कशाला बोलू. ऑर्फानं डॉर्सीच्या ताटात एक सॉसेज जास्तीचं ठेवलं.

"चौदा इंच खरेच आहेत," ती म्हणाली. "मेअखेर ये बघायला. ताट सरळ धर."

घरी जाऊन तिनं वहीत नवं पान उघडलं आणि शून्यापासून सुरुवात केली. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा, तिला काय मानवतं ते तिलाच विचारावं लागतं. ऑर्फानं दारूचं माप थोडं थोडं वाढवत काडतुसं भरली. एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज, आणि तिची एक पायरी त्याच्या तीन दशांशाची. प्रत्येक मापाची गोळी तिनं वेगळ्या रंगाच्या शाईत बुडवली, म्हणजे कागदावर भोकाच्या कडेला त्या रंगाचं वर्तुळ उमटतं आणि कुठली गोळी कुठं लागली ते कळतं. माप वाढत जाईल तशी भोकं कागदावर वर चढत गेली, जिन्यासारखी. पण एका ठिकाणी लाल, हिरवं आणि निळं, तिन्ही एकाच उंचीवर पडली. मी ते रेडिओवर तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "तिथं तिला फरक पडत नाही. म्हणजे ऊन पडलं, गारवा आला, तरी ती सांभाळून घेईल." तिनं मधलं, हिरवं माप घेतलं.

मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते बघायचं. हजाराव्या हिश्शाच्या पायऱ्यांनी ती आत-बाहेर करत गेली. चौदाचे अकरा झाले, अकराचे नऊ. मग आकडा अडला. दहांतल्या नऊ गोळ्या पाच-साडेपाच इंचांत एकत्र बसायच्या आणि एखादी पळून जायची. कधी तिसरी, कधी आठवी. वारा पडलेला असतानासुद्धा. तीन आठवडे हेच चाललं. तिनं पुंगळ्या पुन्हा तोलल्या, गोळ्या पुन्हा मोजल्या, तराजूच बिघडलाय की काय म्हणून टपाल कार्यालयातली वजनं मला आणायला लावली. तराजू ठीक होता. लमार पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचा. दार उघडं असायचं, पण तो इकडे बघायचा नाही. एकदाच म्हणाला, "वारा." ती तिथूनच म्हणाली, "वारा नाही. तूही जाणतोस की वारा नाही."

डॉर्सी मेअखेरीस खरंच आला आणि पळालेली गोळी बघून गेला. तो निघाल्यावर ऑर्फानं सामान आवरलं नाही. तिथंच बाकावर बसून सँडविच खाल्लं आणि उरलेली सगळी काडतुसं मारून संपवली. चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता सोडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळ्या बसवायच्या दाबयंत्राशी डोळे मिटून बसलेली होती.

"हा दांडा दाब," ती मला म्हणाली. मी दाबला. "आता ही दुसरी पुंगळी." मी दाबला. "काय वाटलं?"

काही वाटलं नाही, असं मी सांगितलं.

"तुला नाहीच वाटायचं. पहिलीनं गोळी सहज घेतली, दुसरीनं आवळून धरली. पितळ पुन्हा पुन्हा फुगून आणि दाबून कडक झालंय, काही जास्त, काही कमी. जी आवळून धरते ती उशिरा सोडते." तिनं माझ्याकडे बघितलं. "तेहेतीस वर्षं मी मापं घेतली, एलवूड. बोटांनी घ्यायला हवं होतं ते यंत्रानं घेत बसले."

दोनशे पुंगळ्या तिनं अशा हातानं निवडल्या. खाऱ्या प्रेट्झल बिस्किटांचे तीन मोठे रिकामे डबे होते. सैल एकात, घट्ट एकात, आणि मधल्यात तिला पटलेल्या. मधल्या डब्यात त्रेसष्टच निघाल्या. पुढच्या मंगळवारी त्यातल्या दहा घेऊन ती बाकावर बसली. मी कागद खाली ओढला आणि पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"बोल," रेडिओवर तिचा आवाज आला. "वाईट असेल तरी चालेल."

"सव्वासहा."

"बरं," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण मला तिचा श्वास ऐकू येत होता.

जुलैत क्लबाची बैठक झाली. ऑगस्टच्या मोठ्या स्पर्धेची नावं तिथं नोंदवतात. ऑर्फा पहिल्या रांगेत बसली होती. तिचं नाव आल्यावर डॉर्सीनं घसा साफ केला. सभासदत्व लमारचं आहे, तो म्हणाला. घरचं माणूस बाकाशी मदतीला बसू शकतं, स्पर्धेत नाही. आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

"कुठं लिहिलंय?" ऑर्फानं विचारलं.

लिहायची कधी वेळच आली नाही, असं डॉर्सी म्हणाला.

"मग एलवूड, नियमांचं पुस्तक काढ आणि मोठ्यानं वाच."

मी चिटणीसही होतो. पुस्तक काढून वाचू लागलो. अकरा पानं. नळीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवावं, लाल निशाण वर असताना कुणी कुठं जावं, कुत्री बांधून ठेवावीत. चौथ्या पानावर डॉर्सी म्हणाला की पुरे, पण ती म्हणाली, शेवटपर्यंत. शेवटच्या पानावर संडासाच्या दाराची कडी आतून न लागल्यास काय करावं हे होतं, तेही मी वाचलं. बायकांबद्दल कुठं अवाक्षर नव्हतं.

"ठीक आहे, मग नियम आत्ता करू," डॉर्सी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"करा," ऑर्फा उठून उभी राहिली आणि मागं वळली. एकतीस पुरुष बसले होते. "हात वर करून करा, म्हणजे कुणाकुणाचा आहे ते मला दिसेल."

हातावर हात ठेवून सगळे बसून राहिले. डॉर्सीचा स्वतःचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथून त्यानं कान खाजवला. मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे माझा हात कामात होता. त्या दिवशी मला या गोष्टीचा फार आधार वाटला, आणि त्याची लाज अजून वाटते.

स्पर्धेच्या सकाळी ऑर्फा एकटीच आली. लमार तिच्याबरोबर यायला तयार झाला नाही. तो मागाहून डॉर्सीच्या ट्रकमधून आला आणि झाडाखाली खुर्ची टाकून बसला. तिनं ते बघितलं आणि वाळूच्या पिशव्या नीट करू लागली.

तिच्या फेरीत दहा बाक होते. दहा गोळ्यांना दहा मिनिटं. शिट्टी झाली आणि बाकीच्यांनी धडाधड सुरुवात केली, कारण वारा एकसारखा असतो तोवर उरकून घेणं शहाणपणाचं. ऑर्फानंही आठ मारल्या. मग वारा दाखवणारं ओढ्यावरचं निशाण वळलं. टेकडीजवळचं एकीकडे, मधलं दुसरीकडे. तिनं बोट चापावरून काढलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. बाकीचे नऊ जण आटपून उठले. कुणीतरी कुजबुजलं की बाईचे हात थिजले. डॉर्सी माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मार की आता," आणि मला नवल वाटलं, कारण त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच राहवत नव्हतं. ती निशाणांकडे बघत होती. घड्याळात चाळीस सेकंद उरली तेव्हा ओढ्यावरचं निशाण पहिल्या जागी आलं. नववी सुटली. बोल्ट मागं, पुढं, दहावी सुटली. अकरा सेकंद शिल्लक होती.

कागद आल्यावर मी तो तीनदा मोजला, दुसऱ्याकडून एकदा मोजून घेतला. पाच आणि सात अष्टमांश इंच. फेरी तिची झाली.

अंतिम फेरीत दुपारचं ऊन तापलं, हवा पाण्यासारखी हलायला लागली, आणि तिचे नऊ इंच झाले. डोंगरापलीकडचा एक जण पहिला आला, ऑर्फा तिसरी. डॉर्सी सातवा. हे मुद्दाम सांगतो, कारण ती पहिली आली असं पुढं लोक सांगायला लागले, आणि प्रत्येक वेळी ती स्वतः त्यांना दुरुस्त करायची.

बक्षिसं वाटायला सगळे शेडखाली जमले. डॉर्सीनं तिसऱ्या बक्षिसाची पाटी उचलली आणि मोकळ्या मनानं, खरंच कौतुकानं जाहीर केलं, "तिसरा क्रमांक! रायफल लमार क्रेमरची, भरणी लमारच्या मापाची, आणि बाकावर आपली धीट ऑर्फा."

टाळ्या पडल्या. ऑर्फा पुढं गेली, पण तिनं पाटीला हात लावला नाही.

"पुन्हा वाच."

डॉर्सीला कळेना. मग कळलं, आणि तो झाडाकडे वळला. लमार इथंच आहे, त्यालाच विचारू, असं तो म्हणाला.

"त्याला विचारू नकोस. मी समोर उभी आहे, मला विचार."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. डॉर्सीनं पाटी खाली घेतली. "बरं. भरणी कुणाची?"

"माझी. या वर्षीची माझी, गेल्या वर्षीची माझी, त्याच्या नावावर जिंकलेल्या सगळ्या वर्षांची माझी. नेम त्याचा होता. तो मी कधी माझा म्हणाले नाही आणि म्हणणारही नाही."

"आजारी माणसासमोर हे आजच बोलायला हवं होतं का?" डॉर्सी हळू आवाजात म्हणाला.

"तो धडधाकट होता तेव्हा मी गप्प होते. बोलायला चांगला दिवस कधीच नसतो, डॉर्सी. आजचा काय वाईट आहे?"

त्या वेळी मी उभा राहिलो. ती सांगतेय ते खरं आहे, मी म्हणालो, मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. एवढंच. मग खाली बसलो.

डॉर्सीनं पाटी पुन्हा वर धरली. "तिसरा क्रमांक," त्यानं सांगितलं. "ऑर्फा क्रेमर. काडतुसं ऑर्फा क्रेमर यांची." तिनं पाटी घेतली, आभार मानले आणि जागेवर जाऊन बसली. झाडाखाली लमार काठी टेकत उठला होता. तो कुणाकडे न बघता डॉर्सीच्या ट्रककडे चालत गेला. ती त्याच्यामागं गेली नाही. रायफल मी तिच्या गाडीत ठेवून दिली. गाडी सुरू करताना ती मला म्हणाली, "संध्याकाळी पिठाचे गोळे सोडलेला रस्सा करणार आहे. तो जेवला नाही तर उद्या तू खायला ये."

दुसऱ्या दिवशी मी खायला गेलो.

ते घर दोन महिने जवळजवळ मुकं होतं. ती त्याचे व्यायाम करून घ्यायची, बुटाचे बंद बांधायची, आणि अकरा वाजता मागच्या खोलीत तराजूशी बसायची. एकदाही तिनं माफी मागितली नाही. एकदा मी, म्हातारा माणूस, वाटलं म्हणून म्हणालो की थोडं मऊ घे. ती म्हणाली, "मी त्याला सोडलं नाहीये, एलवूड. फक्त खोटं सोडलंय."

ऑक्टोबरच्या शेवटी माझ्या दारावर टकटक झाली. लमार उभा होता, एकटा. त्याच्या घरापासून माझं घर अर्धा मैल, चढाचं. पानगळीचा चिखल बुटांना लागलेला. मी खुर्ची पुढं केली. तो बसला नाही.

"पत्रक," तो म्हणाला. क्लबाचं चार पानी पत्रक मीच टंकून छापून घ्यायचो. "लिही. माझ्या... नावानं."

मी कागद घेतला. चार ओळींना आम्हाला पाऊण तास लागला. मधेच मला शब्द सुचवायचा मोह व्हायचा, पण तो डावा हात वर करून मला थांबवायचा आणि स्वतःचा शब्द ओढून बाहेर काढायचा. त्यात असं होतं, की अठरा हंगाम मी ज्या काडतुसांनी जिंकलो ती माझ्या बायकोनं, ऑर्फानं भरली होती. मी हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण लोक माझी तारीफ करत होते आणि मला ती आवडत होती. शेवटची ओळ मी गाळू का, असं विचारलं. "नाही," तो म्हणाला, अगदी स्पष्ट.

जानेवारीचा अंक छापून आला तेव्हा पहिली प्रत मी स्वतः क्रेमरांकडे नेली. ऑर्फा तराजूवर दारू तोलत होती. लमार तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून डाव्या हातानं पुंगळ्या कापडानं पुसत होता. कधीपासून बसायला लागला ते मला ठाऊक नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तिनं चष्मा वर केला आणि उभ्यानंच वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. चेहऱ्यावरून काही कळेना. लमारचा हात थांबला होता.

"यात चूक आहे," ती म्हणाली.

लमारनं मान वर केली.

"अठरा नाही, एकोणीस. पहिल्या वर्षी तू सतरावा आला होतास. तीही मीच भरली होती. हरलेलं वर्ष कशाला गाळलंस? तेही माझंच आहे."

लमारच्या तोंडाचा एकच कोपरा हलायचा आता, तो हलला. मग खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. "फेब्रुवारीत," तो म्हणाला, "दुरुस्ती... छाप."

छापतो, मी म्हणालो, आणि उभाच राहिलो, कारण आणखी कुणी काही बोलेल असं मला वाटत होतं. ऑर्फानं चष्मा खाली ओढला आणि पुन्हा तराजूच्या काट्याकडे बघायला लागली.

"जायचं तर जा, नाहीतर बस," ती म्हणाली. "पण दार लावून घे. वाऱ्यानं काटा ठरत नाहीये."